आमच्या कपाटातील यंदाची उत्तम पुस्तके
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या चिटणीस बाईंनी मला दोन शब्द बोलायला उभे केले आहे. मी काही वक्ता नव्हे. गावी सातवीपर्यंत शाळा होती, तेवढी मी शिकले. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि पावसाळ्यात साकव वाहून जाई. तिथेच माझे शिक्षण संपले. लग्न होऊन शिवडीला आले ती पोळ्या लाटायला आणि नळावर नंबर लावायला. तेव्हा "वर्षातील उत्तम पुस्तके" या विषयावर मी बोलावे, हे ऐकून आमच्या घरी आधी सगळे हसले. मग मीही हसले. पण ज्या कामात वर्षभर जीव घातला, ते सांगताना लाजण्यात अर्थ नाही.

आपल्या मंडळाचे ते हिरवे पत्र्याचे कपाट सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून जे चार पैसे उरतात, त्यांतून दरवर्षी थोडी पुस्तके घ्यायची, हा आपला जुना रिवाज. यंदा चिटणीस बाईंनी ठराव मांडला की, नुसती पुस्तके न घेता वर्षभरात आपण वाचलेल्यांपैकी उत्तम कोणती ते निवडावे. प्रत्येक प्रकारातले एक. आणि निवडलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक नवी प्रत जवळच्या शाळेला द्यावी. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. समिती तिघींची. एक आपल्या निवृत्त शिक्षिका बाई, दुसरी तळमजल्यावरची पदवीधर सून आणि तिसरी मी. मला का घेतले म्हणून विचारले, तर चिटणीस बाई म्हणाल्या, "कपाटाच्या वहीत तुझे नाव सगळ्यांत जास्त वेळा आहे."

एक खुलासा आधी करते. "यंदाची" म्हणजे यंदा छापलेली नव्हेत. नवी कोरी पुस्तके घ्यायची आपली ऐपत बेताची. जुने पुस्तकही ज्या वर्षी आपल्या हाती पडते, त्या वर्षी ते आपल्याला नवेच. तेव्हा यंदा आपण जी वाचली, त्यांतली उत्तम, असा अर्थ घ्यावा.

पहिल्या बैठकीत बाईंनी सांगितले की, असली निवड मोठमोठ्या ठिकाणी कशी होते ते आधी समजून घेऊ. मला त्यातले काही माहीत नव्हते. दिल्लीची साहित्य अकादमी 1954 साली स्थापन झाली आणि 1955 पासून ती पुरस्कार देते. आज चोवीस भाषांना देते. पण एका भाषेला वर्षाला एकच. त्यात कविता, कादंबरी, नाटक, टीका सगळे एकाच तराजूत. मराठीचा पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या "वैदिक संस्कृतीचा विकास" या ग्रंथाला मिळाला. 1956 चा मर्ढेकरांना मिळाला. मर्ढेकर म्हटले की जाणकारांना कविता आठवते; पुरस्कार मात्र त्यांच्या "सौंदर्य आणि साहित्य" या टीकाग्रंथाला, आणि तोही ते वारल्यावर. 1960 साली खांडेकरांची "ययाति", 1964 साली रणजित देसाईंची "स्वामी", 1965 साली पु. लं.चे "व्यक्ती आणि वल्ली". म्हणजे एका वर्षी वेदांवरचा ग्रंथ, एका वर्षी पेशव्यांची कादंबरी, तर एका वर्षी हसवता हसवता रडवणारी माणसे!

मी म्हटले, "बाई, हे म्हणजे फुलपुडी आणि सुरण एकाच काट्यावर ठेवण्यासारखे झाले. वजन निघेल, पण त्यावरून चांगले कोणते ते कसे कळणार?"

त्यावर त्यांनी दुसरी रीत सांगितली. आपल्या महाराष्ट्र सरकारचे वाङ्मय पुरस्कार प्रकारवार असतात. कादंबरी वेगळी, कविता वेगळी, नाटक, लघुकथा, विनोद, चरित्र, आत्मचरित्र वेगळे. मुलांची पुस्तके वेगळी. लेखकाचे पहिलेच पुस्तक असेल तर त्याचाही मान वेगळा. आणि यांतल्या पुष्कळ पुरस्कारांना साहित्यिकांची नावे. कादंबरीला हरिभाऊ आपट्यांचे, कवितेला केशवसुतांचे. आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळकांचे आणि पहिल्या कवितासंग्रहाला बहिणाबाई चौधरींचे.

भगिनींनो, इथे मी बाईंना थांबवले. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, आणि बहिणाबाईंना तर अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गाणी रचीत. मुलाने आणि भाच्याने ती उतरून घेतली. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. ज्या बाईला स्वतःचे पुस्तक वाचता आले नसते, तिच्या नावाने आज सरकार नव्या कवींचा गौरव करते. हे ऐकल्यावर माझ्या सातवीचे ओझे निम्मे उतरले.

तेव्हा आपण सरकारची रीत धरली. सात प्रकार ठरवले: कादंबरी, कथा, कविता, आत्मचरित्र, नाटक, मुलांचे पुस्तक आणि इतर. बाईंनी शिस्तीने कागद आखले, दहापैकी गुण ठेवले. काम सुरळीत चालेल असे वाटले. पण पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती आज सर्वांसमोर सांगते.

कवितेचे एक पुस्तक मला कळेना. आठ पाने वाचली, आणि कळत नाही म्हणायची लाज वाटली. दोघी शिकलेल्या, त्यांना वाटेल, हिला कशाला घेतले. म्हणून मी कागदावर सहा गुण लिहून मोकळी झाले. त्या रात्री झोप लागेना. फराळाच्या ऑर्डरीत कोणी शिळे तेल वापरले तर आपण तिला मंडळात उभी करतो. मग न वाचता गुण देणे हे काय वेगळे? एका माणसाने कितीतरी वर्षे जीव लावून ते लिहिले असेल, आणि मी आठ पानांत त्याचा निकाल लावला. सकाळी दूध घेऊन येताना बाईंच्या दारात गेले आणि म्हटले, "माझे सहा गुण खोडा. मी ते पुस्तक वाचलेले नाही."

बाई घटकाभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मग माझेही दोन खोडा. स्वयंपाकाचे पुस्तक मी उघडलेसुद्धा नव्हते. ते काय वाङ्मय, म्हणून दोन दिले." संध्याकाळी आमच्या पदवीधर सूनबाईंनीही कबूल केले की, पाचशे पानांच्या कादंबरीची शेवटची दीडशे पाने त्यांनी चाळलीच फक्त. तिघी खूप हसलो आणि सगळे कागद फाडून टाकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि चार नियम केले.

पहिला, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचे नाही. कळले नाही तर "कळले नाही" असे लिहायचे. दुसरा, कवितेची तुलना कवितेशी, कथेची कथेशी. तिसरा, ज्यांना वाचता येत नाही पण ज्यांनी ऐकले आहे, त्यांचेही मत धरायचे. आणि चौथा, एखाद्या प्रकारात योग्य पुस्तक दिसले नाही तर ती जागा रिकामी ठेवायची.

तिसरा नियम माझ्या सासूबाईंमुळे झाला. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, आणि दिसत होते तेव्हाही वाचता येत नव्हते. मी दुपारी त्यांना श्री. ना. पेंडशांची "रथचक्र" वाचून दाखवीत असे. नवऱ्याने टाकलेल्या, मुलाच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या कोकणातल्या एका बाईची ही गोष्ट. 1963 सालचा अकादमीचा पुरस्कार तिला मिळालेला आहे. सासूबाई मुकाट्याने ऐकत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ह्या बाईला नाव काय?" मी म्हटले, "लेखकाने नाव दिलेच नाही. नुसते 'ती' म्हणतात." त्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर केले. मला तरी माझ्या नावाने हाक मारून किती वर्षे झाली?" हे मत मी बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चार पानी परीक्षण लिहून मला एवढे सांगता आले नसते." कादंबरीत "बारोमास" ही सदानंद देशमुखांची विदर्भातल्या शेतकऱ्याची कादंबरीही अगदी शेवटपर्यंत बरोबरीत होती, तिलाही 2004 साली अकादमीचा मान मिळाला आहे. पण मत "रथचक्र"कडे झुकले.

कवितेत वाद झाला नाही. नारायण सुर्व्यांचे "माझे विद्यापीठ" हे 1966 सालचे पुस्तक. सुर्वे आपल्या परळ भागातले. रस्त्यावर सापडलेले मूल एका गिरणी कामगाराने वाढवले. त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 1998 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कवितेतला कारखाना आणि चाळ आम्हाला कोणी समजावून द्यावी लागली नाही. आणि ते न कळलेले कवितेचे पुस्तक? ते मी पुढे शेवटपर्यंत वाचले. निम्मे कळले नाही, तसे लिहिले. पण त्यातली एक कविता रोज भांडी घासताना आठवते, हेही लिहिले.

कथेत जयंत पवारांचे "फिनिक्सच्या राखेतून उठला मोर" निवडले. त्याला 2012 सालचा अकादमीचा पुरस्कार आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे सासरे गिरणीत होते. पुढे ते कधीच कामावर परत गेले नाहीत. घरी या विषयावर कोणी बोलत नाही. पवारांचेच "अधांतर" नाटक, त्यावरून निघालेला 2010 सालचा "लालबाग परळ" चित्रपट घरात टीव्हीवर लागला, की सासूबाई उठून आत जात. ह्या कथा मात्र त्यांनी ऐकल्या. एक संपली की म्हणत, "पुढची आज नको." दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारीत, "वाचतेस ना?" पुस्तक चांगले की वाईट, याची याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही.

आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे". एवढे दुःख सोसून एवढे हसू येते कुठून, असे प्रत्येकीने लिहिले. मुलांच्या पुस्तकाचे आम्ही मुलांनाच विचारले. मोठ्यांनी "श्यामची आई" सुचवले, मुलांनी भा. रा. भागवतांच्या "फास्टर फेणे"ला हात वर केले. आईचे पुस्तक आई निवडते, आपले आपण निवडायचे, असे एका दहा वर्षांच्या मुलाने ऐकवले. आम्ही गप्प बसलो.

नाटकाची जागा रिकामी आहे. नाटके वाचायची नसतात, बघायची असतात, हे सर्व जुन्या बायकांचे म्हणणे. परळच्या दामोदर नाट्यगृहात पाहिलेल्या नाटकांच्या आठवणी पुष्कळ निघाल्या, पण कपाटातली तीन नाटके कोणीच पुरी वाचली नाहीत. चौथा नियम कामी आला.

इतर या सदरात कमलाबाई ओगल्यांची "रुचिरा". वहीत सर्वांत जास्त नोंदी तिच्या. 1970 साली हे पुस्तक आले. त्यात प्रमाण वाटी-चमच्यांचे. तराजू लागत नाही. बाईंनी यंदा ते पूर्ण वाचले, आणि म्हणाल्या, "यात एक वाक्य जास्तीचे नाही. माझे विद्यार्थी असे लिहितील तर मी पैकीच्या पैकी देईन." तसे, सरकारच्या यादीतही संकीर्ण म्हणून एक प्रकार आहेच.

आता उरले एक पुस्तक, आणि त्यासाठीच खरे तर मी उभी राहिले.

"व्यक्ती आणि वल्ली" ही आपल्या कपाटातली जुनी प्रत. आषाढात एका भगिनीने ती नेली आणि दोन महिने परत केली नाही. नियमाप्रमाणे आपण तिला दंड लावला. तिने निमूट भरला. मागाहून कळले की, तिचे यजमान आपल्या इथल्या क्षयरोग रुग्णालयात दाखल होते. भेटीच्या वेळेत ती तोंडाला मास्क बांधून त्यांना रोज चार-पाच पाने वाचून दाखवी. आधी ते ऐकत. मग शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ ऐकू लागले. मग पलीकडचे. एक दिवस ती गेली नाही, तर परिचारिका ताईंनी विचारले, "काल ते गोष्टीचे पुस्तक का नाही आणले?" (त्या भगिनी इथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगत आहे.)

हे कळल्यावर आपण काय केले? खरे बोलायला हवे. आपल्यापैकी काहीजणी म्हणाल्या, ते पुस्तक आता कपाटात नको, जाळून टाका. एकीने कपाटाला हातच लावायचे सोडले. मी स्वतः फार शहाणी नव्हते. ते पुस्तक मी गॅलरीत चार दिवस उन्हात ठेवले आणि त्या जागेवर मुलांना खेळू दिले नाही. सगळ्या चाळीने ते पाहिले. त्या भगिनीनेही पाहिले.

मग आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, क्षय पसरतो तो रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यातून हवेत जाणाऱ्या जंतूंमुळे. पुस्तकाने, भांड्याने, कपड्याने किंवा हात हातात घेतल्याने तो लागत नाही. तोंडावर मास्क, उघड्या खिडक्या आणि औषध एक दिवसही न चुकवता पुरे करणे, हा त्यावर इलाज. साध्या क्षयाला साधारण सहा महिने औषध घ्यावे लागते, आणि तो बरा होतो. "आणि हो," त्या म्हणाल्या, "औषध पुरे व्हायला जवळचे माणूस लागते. त्या बाईंनी वाचले, म्हणून कंटाळून पळून न जाता ते तिथे टिकले असतील."

मी घरी आले, पुस्तक उचलले आणि उशाशी घेऊन वाचले. मग त्या भगिनीच्या घरी गेले. दंडाचे पैसे परत केले, ते तिने घेतले. माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "दंडाचे काही वाटले नाही. पुस्तक उन्हात ठेवलेले पाहिले, ते वाटले." तिचे यजमान आता घरी आहेत, औषधाचा कोर्स पुरा झाला आहे.

वहीत त्या पुस्तकाची यंदाची नोंद एकच आहे. "रुचिरा"ला पुष्कळ नोंदी आहेत. पण त्या एका नोंदीत एक अख्खा वॉर्ड आहे. हे पुस्तक आमच्या सात प्रकारांपैकी कशात बसवावे यावर बराच खल झाला. ती ना धड कथा, ना चरित्र. शेवटी बाईंनी आठवा प्रकार काढला आणि वहीत लिहिले: "व्यक्तिचित्रे". एकच पुस्तक आणि एकमताने.

अकादमीच्या यादीत 1965 सालापुढे ह्या पुस्तकाचे नाव आहेच. मोठ्या माणसांनी जे साठ वर्षांपूर्वी ओळखले, ते आपल्याला यंदा कळले. पण आपल्या परीने कळले. ते कळायला आपल्याला आधी आपली भीती आणि आपला दंड परत घ्यावा लागला.

भगिनींनो, पुढच्या वर्षी समिती दुसऱ्यांची असू द्या. माझी एवढीच विनंती आहे. ज्या स्वतःला अडाणी समजतात त्यांतली एक तरी त्यात घ्या. उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड लावण्याआधी ते कुठे होते हे विचारा. आणि ती तीन नाटके कोणीतरी वाचा. पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचली तर सासूबाईही ऐकतील.

निवडलेली सात पुस्तके टेबलावर मांडली आहेत. शाळेला द्यायच्या नव्या प्रती शेजारी आहेत. "व्यक्ती आणि वल्ली"ची मात्र जुनी प्रत आपण कपाटातच ठेवणार आहोत. तिची पाठ उन्हाने थोडी वाकली आहे. ती तशीच राहू द्यावी, म्हणजे आपल्याला आठवण राहील.

माझे काही चुकले असेल तर लहान समजून क्षमा करावी. एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करते.